दिवसा झोपणारी सून

आमच्या घरात दिवसा झोपायची मुभा दोघांनाच होती. एक तान्ह्या लेकराला आणि दुसरी, रविवारी दुपारी, माझ्या लेकाला. लेकरू म्हणजे माझी नात. ती मोठी झाली, शिकायला होस्टेलला गेली, मग उरला एकटा लेक. तो बियाण्यांच्या कंपनीत ऑफिसात बसतो. रविवारी जेवण झालं की पंख्याखाली आडवा व्हायचा आणि सारं घर चवड्यांवर चालायला लागायचं. कुकर लावायचा नाही, टीव्ही लावायचा नाही. कुणी फाटक वाजवलं की मी पळत जाऊन तोंडावर बोट ठेवायची. "हळू बाई, आठवडाभर राबलाय."

आणि त्याच घरात रात्रभर जागून आलेली माझी सून दुपारी दोनला झोपलेली दिसली, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

हे आठवलं की मला किळस येते. आधी लोकांची आली, मग माझी स्वतःची आली, आणि स्वतःची आलेली किळस धुता येत नाही, बघा. साबण लावा नाहीतर राख लावा. म्हणून लिहून काढते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, टेंभुर्णीला. पुढचं सगळं किराणाच्या पुड्यांचे कागद वाचत शिकले, त्यामुळं लिहिणं बोलल्यासारखंच येतं. तसंच वाचा.

सून नर्स आहे. जालन्यातल्याच एका खासगी दवाखान्यात. आधी तिची ड्यूटी फिरती असायची, कधी सकाळ, कधी दुपार, कधी रात्र. नात होस्टेलला गेली आणि तिथल्या साहेबानं ठरवून टाकलं, हिच्या घरी आता लहान लेकरू नाही, हिला रात्र द्या. एक महिना झाला, दोन झाले, मग कुणी महिने मोजायचं सोडून दिलं. रात्री नऊ ते सकाळी आठ. बाकीच्यांना म्हणे लेकरं होती, कुणाचं नवं लग्न झालेलं होतं, कुणाचा नवरा कटकट करायचा. आमच्या घरात कटकट करणारी मी होते, पण मी दिवसाची करत होते, रात्रीची नाही.

साडेआठला ती स्कूटी फाटकाशी लावायची. अंगाला दवाखान्याचा वास, तो फिनेलचा आणि दुसरा कसला तरी. चप्पल काढायच्या आत मी हाक मारायची, "आलीस का? सुई टोच बाई जल्दी, चहाची वेळ टळून चालली." मला साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ पोटाला इन्सुलिनचं इंजेक्शन, पेनासारखं असतं ना, ते. ती हात धुवायची, पेनाचा आकडा फिरवायची, टोचायची. दुखायचं नाही. इतका हलका हात. मग लेकाचा डबा, मग माझा नाश्ता, मग कपडे, अंघोळ, दुपारच्या भाकरी. साडेबाराला कुठं ती पाठ टेकायची.

आणि मग सुरू व्हायचा आमचा कारभार.

आधी सिलेंडरवाला. त्याला नंबर लागतो, मोबाईलवर येतो तो, ओटीपी. आणि गॅसच्या कार्डाला मोबाईल कुणाचा? सुनेचा. मग मी दार वाजवायची, "अगं, ओटीपी सांग." ती डोळे मिटूनच उशीखाली चाचपायची, चार आकडे सांगायची. एकदा तिनं कुठलेतरी आकडे सांगितले. सिलेंडरवाला म्हणाला, "आज्जी, हे तर बिलकुल चुकीचं हाय." परत दार वाजवलं. नंतर कळलं, तिनं मला कुठल्यातरी पेशंटचं बीपी सांगितलं होतं. आम्ही हसलो त्याला. आठवडाभर येणाऱ्या जाणाऱ्याला सांगून हसलो.

मग शेजारीण. हिचं सांगितलंच पाहिजे. हिचा नवरा सळयांच्या मिलमध्ये, त्याचीही रात्रपाळी. आमच्या बाजूला मिलवाल्यांची रात्रपाळी नवी नाही. रातची वीज स्वस्त पडते म्हणून भट्ट्या रातच्याच पेटतात, आणि सकाळी माणसं भाजलेल्या तोंडानं घरी येतात. तर ही बाई नवऱ्याच्या झोपेवर राखण करायची. खिडकीला गोधडी लावायची. गल्लीत पोरं खेळायला लागली की हातात लाटणं घेऊन बाहेर यायची, "मुडद्यांनो, आमचा माणूस झोपलाय!" आणि ती पोरं पांगली, नवरा घोरायला लागला, की अर्ध्या तासानं आमच्या फाटकाशी. "काकू, सूनबाई हाय का? जरा बीपी बघायचं होतं, गरगरून राह्यलंय."

"झोपलीय गं."

"अगोबाई! या टायमाला?"

आणि हे 'या टायमाला' ऐकलं की मला लाज वाटायची. शेजारणीची नाही, सुनेची. मी आत जाऊन उठवायची. ती यायची, केस सुटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली, मशीनचा पट्टा गुंडाळायची, आकडा सांगायची, चहा ठेवायची. शेजारीण चहा पिऊन जाताना म्हणायची, "काकू, नशीबवान हाव तुम्ही, घरातच दवाखाना हाय."

पुरुषाची रात्रपाळी म्हणजे कष्ट आणि बाईची म्हणजे हौस, असंच चाललं होतं सगळं. मी तरी कुठं वेगळी होते?

संध्याकाळी शेवटचा घाव माझा. तिन्हीसांजेला, दिवा लावताना, घरात कुणी आडवं नसावं. माझ्या आजीनं सांगितलं, आईनं सांगितलं, सासूनं तर काठीनं सांगितलं. बाळंतीण असली तरी दिवेलागणीला उठून बसायची. लक्ष्मी यायची वेळ, आणि घरात माणसं मढ्यासारखी पडलेली, हे कसं चालेल? हिवाळ्यात सहालाच दिवे लागतात. हिची ड्यूटी नऊला. आठ वाजेपर्यंत निजली असती तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण मी देव्हाऱ्यातली घंटा घ्यायची आणि तिच्या दाराशी जाऊन वाजवायची. देवासमोर नाही हो, तिच्या दाराशी. ती उठायची. भिंतीला धरून उठायची.

तिच्यात फरक पडत गेला तो सगळ्यांना दिसत होता. दूध फ्रिजमध्ये ठेवायच्या ऐवजी कपाटात. फ्रिजमध्ये स्कूटीची किल्ली. वरणात मीठ दोनदा, नाहीतर नाहीच. एकदा मोरीत नळ सोडून उभी, बादली भरून वाहून चालली, ही नळाला हात लावून उभ्या उभ्या झोपलेली. एका सकाळी स्कूटी घेऊन घर ओलांडून पार पुढच्या चौफुलीला गेली. आल्यावर म्हणाली, "आई, मधला रस्ता मला आठवतच न्हाई." मी म्हणाले, "लक्ष कुठं असतं तुझं?" पित्तानं ओकायची. पाळी मागंपुढं झाली. आधी खूप हसायची, माझ्यापेक्षा मोठ्यानं; ते कधी बंद झालं ते सांगता येणार नाही. मी लेकाला म्हणाले, "तुझी बायको हल्ली तोंड पाडून असती." त्यानं पेपर खाली न करता सांगितलं, "नाईट असते ना माय तिला." म्हणजे त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. ठाऊक असून कुणी काही केलं नाही, यालाच मी घाण म्हणते.

आता त्या सकाळचं सांगते.

आदल्या दिवशी हसनाबादला लग्न होतं. माझी लेक तिथं दिलेली, तिच्या पुतण्याचं. सून रात्रपाळी करून आली तेव्हा आम्ही नटून बसलो होतो. ती दारातच म्हणाली, "आई, मी नाही आले तर चालंल का? डोळे उघडत न्हाईत."

मी म्हणाले, "सून दिसली पाहिजे मांडवात. लोक विचारतेत."

आली बिचारी. गाडीत मान लटकत होती. मांडवात बायकांच्या पंगतीला वाढायला उभी राहिली, आणि तिथंही कुणीतरी आपलं गुडघ्याचं दुखणं घेऊन तिला कोपऱ्यात नेलंच. मी तीन जिलब्या खाल्ल्या. डॉक्टरनं एकही सांगितलेली नाही. सून लांबून बघत होती, पण काही बोलली नाही, बोलायचं बळच नव्हतं. परत यायला संध्याकाळ झाली. तिनं भाकरी टाकली आणि ड्यूटीला गेली.

दुसऱ्या सकाळी आली. मी पोट पुढं केलं. तिनं इंजेक्शन दिलं, पेन ठेवलं. तेवढ्यात दूधवाला आला, तिनं पातेलं धरलं, लेकाचा डबा भरला, तो गेला. मग ती परत आली, तेच पेन हातात, तोच आकडा फिरवलेला, आणि म्हणाली, "आई, पोट द्या, इंजेक्शन राह्यलं."

आता नीट ऐका. मला माहीत होतं. एकदा टोचून झालं होतं ते मला पक्कं माहीत होतं. मी काही म्हातारचळ लागलेली नाही. पण मला वाटलं, काल जिलबी खाल्ली ना आपण, म्हणून ही आज दोन देते आहे. नर्स आहे, तिला कळतं. आणि विचारायला गेलं तर जिलबीचा विषय निघंल, मग बोलणी खावी लागतील. म्हणून मी गुपचूप लुगडं बाजूला केलं. तिनं टोचलं.

मी देवापुढं बसले. ती पोहे टाकायला गेली.

रोजचं स्तोत्र मला तोंडपाठ, झोपेतही म्हणीन. त्या दिवशी तिसऱ्या ओळीला शब्द येईना. जीभ जड झाली, ओठाला मुंग्या. हाताला घाम, मग पाठीला, मग सगळं लुगडं ओलं. समईची एक वात होती ती दोन दिसायला लागली. हाक मारावी तर आवाजच नाही. आणि स्वयंपाकघरातून शेंगदाणे करपल्याचा वास येत होता. मला कळत होतं की पोहे करपून चाललेत, आणि हेही कळत होतं की आता मी कलंडणार.

सून पिठाच्या डब्याला टेकून झोपली होती. हातात उलथणं तसंच. त्या करपल्या वासानंच तिला जाग आली, आणि गॅस बंद करून वळली तर देवघरात मी आडवी.

पुढचं तिनं जे केलं, ते झोपेतल्या माणसाचं काम नव्हतं. साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं, मला बसतं करून, गिळते का बघत बघत. बोटाला टोचून मशीन लावलं. आकडा बघून तिचा चेहरा पांढरा पडला, पण हात थांबला नाही. परत साखर, मग बिस्किट, परत मशीन. गल्लीच्या तोंडाशी आमचे डॉक्टर आहेत, त्यांना फोन करून बोलावलं. ते दारात आल्या आल्या हिनं आपण होऊन सांगितलं, "माझ्याकडून दोनदा दिलं गेलं, सर. पेनात किती राह्यलंय ते बघून कळलं." लपवलं नाही, आडवळण घेतलं नाही. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले वेळेवर झालं म्हणून वाचल्या, संध्याकाळपर्यंत दर तासाला साखर बघा. म्हणजे तो दिवसही ती जागीच.

मी जरा भानावर आल्यावर ती माझ्या पायाशी बसली. म्हणाली, "आई, दुसऱ्यांदा देताना तुम्हाला कळलं न्हाई का?"

मी म्हणाले, "न्हाई गं. मला काय कळणार."

एवढंच बोलले. तिनं मान हलवली आणि पदरानं तोंड पुसत उठून गेली.

या एका वाक्याची मला जी किळस आहे ना, ती त्या शेजारणीचीही नाही आणि त्या दवाखान्याचीही नाही. जिच्या हातानं मी वाचले, तिच्याच तोंडावर खोटं बोलले. कशासाठी? तीन जिलब्यांसाठी.

बातमी हसनाबादला गेली. लेक दुसऱ्या सकाळी बॅग घेऊनच आली. "माझ्या मायचा जीव घेतला असता!" हे फाटकातूनच सुरू. शेजारीण कंपाउंडच्या पलीकडून, "काकू, मी तर आधीच म्हणणार होते, नर्स असली म्हणून काय झालं, ध्यान पाहिजे ना." आणि बीपी? ते तिनं त्या दिवसापासून बंद केलं, भरवसा नाही म्हणून. लेक माझी, तिची बोलणी मी ऐकत होते. भेटायला येणारे ऐकत होते. मी उशीला टेकून, दुधात पोळी कुस्करून खात होते आणि गप्प होते. लोकांनी मला 'बिचारी' म्हटलं की मी खरोखरच बिचाऱ्यासारखं तोंड करायची.

सून रोज रात्री ड्यूटीला जात होती. सकाळी यायची, सगळं करायची, फक्त पेनाला हात लावायची नाही. ते लेक द्यायची, शेणात खुंटी ठोकावी तसं. दुपारी सून खोलीत जायची पण झोपायची नाही. दाराच्या फटीतून मी बघायची, छताकडे डोळे. आता कुणी उठवत नव्हतं तरी तिला झोप नव्हती.

लेकानं आणि लेकीनं ठरवलं, हिनं नोकरी सोडावी. रविवारी बसून बोलायचं. लेकानं राजीनामा मोबाईलवर लिहूनसुद्धा ठेवला. सुनेला नोकरी सोडायची नव्हती, हे मला माहीत होतं. नर्सिंग तिनं लग्नाआधी कर्ज काढून नाही, शेळ्या राखून केलेलं. पण ती आता 'नको' म्हणायच्या ताकदीचीच उरली नव्हती. मला एकदा म्हणाली होती, "मी खरंच चुकले असंन तर सोडलेलंच बरं, आई. इथं तुम्ही होता. तिथं दुसऱ्याची आई असती."

रविवार उजाडला. ती रात्र करून आली. जेवणं झाली. लेक आडवा झाला. माझी लेक म्हणाली, "दादा उठला की बसू बोलायला." आणि आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत वाट बघत बसलो. सून स्वयंपाकघरात. आदल्या संध्याकाळपासून तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. खलबत्त्यात लसूण ठेचत होती.

तेव्हा माझी लेक हळूच दारात गेली, तोंडावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "वहिनी, जरा हळू ठेचा ना. दादा झोपलाय."

सुनेनं बत्ता खाली ठेवला. लसणाची एक एक पाकळी घेऊन नखांनी कुस्करायला लागली.

मला खरोखर ओकारी आली. ते बोट माझं होतं. मीच लेकीला शिकवलं होतं ते, तोंडावर ठेवायला, कुणासाठी ठेवायचं आणि कुणासाठी नाही ते. मी उठले, देव्हाऱ्यातली घंटा घेतली, लेकाच्या उशाशी गेले आणि वाजवली. त्याच्या कानापाशी, चांगली खणखणून.

तो धडपडून उठला. "काय झालं? काय झालं माय? साखर उतरली का?"

"काही न्हाई उतरलं. ऊठ, दिवेलागण झाली."

"दुपारचे तीन वाजलेत!"

"तुझ्या बायकोला रोज असंच उठवते मी. कसं वाटतंय?"

"माय, डोकं भणभणलं ना माझं..."

"भणभणू दे. बाहेर ये."

लेक धावत आली, तिला वाटलं माझी साखर डोक्यात गेली. सूनही दारात आली, बोटांना लसूण. मी कॉटवर बसले. आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. दुसरं इंजेक्शन घेताना मला माहीत होतं. जिलबीपायी गप्प बसले. हिनं विचारलं तर खोटं बोलले. आणि तुम्ही हिला चार दिवस बोलत होता, ते दूध-पोळी खात ऐकत बसले.

लेकीनं लगेच माझी बाजू सावरली. "मंग काय झालं माय, टोचलं तर वहिनीनंच ना!"

"टोचलं तिनंच. आणि तिला झोपू कुणी दिलं न्हाई? तुझ्या मांडवात तिला कुणी उभं केलं? तू एकदा तरी म्हणलीस का, की वहिनी, तुम्ही पडा, मी वाढते?"

लेकानं मोबाईल हातात घेतला, परत ठेवला.

मला वाटलं होतं सून रडंल, नाहीतर गळ्यात पडंल. असं होतं ना गोष्टीत. तिनं तसलं काही केलं नाही. ती मला म्हणाली, "मंग मी विचारलं तेव्हा न्हाई म्हणलात ते म्हणलात, पण पुढं चार दिवस का गप्प बसलात?"

"सगळे तुलाच बोलत होते. मला वाटलं, बोलू दे."

खरं ते हेच होतं.

ती म्हणाली, "मला वाटलं माझं डोकंच गेलं. इतक्या रात्री मी तिथं प्रत्येक इंजेक्शन भरताना दुसऱ्या सिस्टरला शेजारी उभं करून राह्यले, आई. बघ बाई, बराबर हाय का, म्हणून. ती हसायला लागली माझ्यावर." मग पदराला हात पुसले. "चूक माझीच हाय. ती माझीच राहणार. पण मी एकटीच वेडी न्हाई, एवढं तरी कळलं असतं मला." आणि खोलीत जाऊन तिनं दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज मी त्या घरात पहिल्यांदा ऐकला.

सहा वाजता मी दिवा लावला. घंटेची जीभ बोटात धरून ठेवली, वाजू नये म्हणून. लेक कुजबुजली, "माय, तिन्हीसांजेला घरातली लक्ष्मी झोपलेली..."

"लक्ष्मी रात्रपाळी करून आलीय. झोपू दे."

त्या रात्री तिनं दवाखान्यात कळवलं, येत नाही. दुसऱ्या सकाळी सातला उठली. एवढा वेळ माणूस झोपू शकतं हे मी विसरलेच होते. मध्ये दोनदा मी दाराला कान लावला, श्वास चालू आहे का बघायला.

मग ती त्या साहेबाकडे गेली. सोबत मी गेले. तिनं नेलं नाही, मी मागं लागले. ड्यूटी लावणारा साहेब म्हणजे डॉक्टर नाही, ऑफिसातला माणूस. आम्ही दोनला पोचलो तर शिपाई म्हणाला, "साहेब आराम करतात, चारनंतर या." दाराला जाड पडदा, आत एसी. दोन तास बाकड्यावर बसलो. चारला साहेब डोळे चोळत खुर्चीत. सोफ्यावर उशी तशीच, मधोमध खड्डा पडलेली.

सून उभ्यानंच म्हणाली, "सर, मी घरी इंजेक्शन दोनदा दिलं. इथं तसं होण्याआधी सांगायला आले. मला सलग नाईट नको."

मला वाटलं हा घाबरंल. पेशंटच्या जिवाचा विषय आहे. तो आधी उठला आणि दार लावून आला. "हे बाहेर कुठं बोललात का? बोलू नका. दवाखान्याचं नाव जातं." मग माझ्याकडं वळून गोड हसला. "आज्जी, नाईटला तसं काम काय असतं? पेशंट तर झोपलेले असतात."

मी म्हणाले, "पेशंट झोपतेत, तुम्ही झोपता. जागं कोण असतं मंग?"

"तुमच्या सूनबाई कधी तक्रार करत न्हाईत, म्हणून आम्हाला वाटलं त्यांना नाईट जमते."

ऐका. तक्रार केली नाही म्हणून जमते. आमच्या घरातही हाच हिशोब होता. त्याची किळस करायला मला तोंड कुठलं? सून मात्र हलली नाही. म्हणाली, "ही चूक लेखी देऊ का सर? तारीख घालून?" तेव्हा त्यानं कागद ओढला. एक आठवडा रात्र, दोन आठवडे दिवस. ते तरी पाळतो की नाही हे बघायला सून आता यादीचा फोटो काढून ठेवते.

राजीनामा लेकानं पुसून टाकला. तो स्वतःचा डबा स्वतः भरतो आता, कुरकुरत का होईना. लेक हसनाबादला परत गेली ती फुगूनच. मी तिला नाकारलं असं तिचं म्हणणं आहे. शेजारीण परत बीपी घेऊन यायला लागली आहे. भरवसा बसला वाटतं. गॅसच्या कार्डाला माझा मोबाईल लावून घेतला, चार आकडे वाचता येतातच मला.

पण इंजेक्शन सून मला देत नाही. मी एकदा पोट पुढं केलं, जुन्या सवयीनं. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही घ्या, आई. मी शिकवते." समोर बसून शिकवलं, आकडा कसा फिरवायचा, चिमटा कसा धरायचा, टोचून झालं की वहीत खूण करायची. नीट शिकवलं. रागानं नाही, प्रेमानंही नाही, पेशंटला शिकवतात तसं. तिच्या हाताला दुखायचं नाही. माझ्या हाताला दुखतं. पोटावर निळे डाग पडलेत, आणि रोज सकाळी ते डाग बघून मला कळतं मी काय घालवलं ते.

या आठवड्यात तिची रात्र आहे. आत्ता दुपारचे दोन वाजलेत, तिच्या दाराला आतून कडी आहे आणि फाटकाशी शेजारीण उभी आहे.

"काकू, सूनबाई झोपली का काय? या टायमाला?"

"हो," मी म्हणाले. "चारदा विचारलं तरी झोपलीच असंल. घरी जा."